पहिला डबा दगडाचा

बाबारावांचा आवाज आधी यायचा, बाबाराव मागून. आमच्या घराची आणि त्यांच्या चक्कीची भिंत एकच, त्यामुळे लग्न होऊन या गावात आले त्या दिवसापासून तो आवाज माझ्या कानात बसलेला. सकाळी चक्कीचा पट्टा फिरायला लागला की आमच्या फळीवरची भांडी आपसात बोलायची, आणि त्या खडखडाटाच्या वरून बाबाराव एखाद्या बाईला विचारत असायचे, जवारी वाळवली होती का नाही, दगडाला चिकटून राह्यली. चक्कीत हळू बोलून भागत नाही. जन्मभर त्या घरघरीच्या वर बोलून त्यांचा गळा असा तयार झाला होता, की नाल्याच्या अलीकडून बोलले तर पलीकडच्या वावरातला माणूस मान वर करायचा. हाच गळा पुढे आमच्या पटाला लागला.

पट म्हणजे शंकरपट. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सोयाबीन निघून मोकळं झालेलं एखादं लांबलचक वावर घ्यायचं, त्यात दोन सरळ पट्टे आखायचे. हलक्या छकड्याला बैलांची जोडी, वर हाकणारा एकच माणूस. दोन जोड्या बाजूबाजूनं सुटतात आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत खेळ संपतो. त्या पापणीभर खेळासाठी माणसं वर्षभर बैलाला ढेप-सरकी चारतात, स्वतः दूध पीत नाहीत पण त्याला पाजतात. शेलूबाजारच्या रस्त्यानं आत वळलं की आमचं गाव, आणि संक्रांत झाली की आमच्या गावाला दुसरा विषय नसायचा.

बाबाराव पटात माइकवर बोलायचे. अंगानं काडी, भुवयांवर कायम पीठ, सणावारालाही ते पूर्ण निघायचं नाही. आवाजाचा मात्र मोठा गर्व. पटाच्या आधी महिनाभर दही बंद, चिंच बंद, तोंडात ज्येष्ठमधाची काडी. तंबाखू मात्र सुटली नाही. मी म्हणायचे, भाऊजी, दही सोडता अन् हे चालते का? तर म्हणायचे, "वयनी, दही गळ्याले लागते. तंबाखू गालात राह्यते." पुढे काय झालं ते पाहता हे वाक्य आठवलं की मला हसू येत नाही.

त्यांची बोलायची तऱ्हाच वेगळी होती. दुसरे माइकवाले जोडीच्या मालकाचं नाव घेतात, गाव घेतात, झालं. बाबाराव बैलाला कोणाच्या हातचा चारा लागलेला आहे तेही सांगायचे. "अमक्या गावची जोडी, मालक अमके, आणि चारा घालनारी माय तमकी, माहेर मालेगाव." कुठल्या तरी गावच्या कुणा बाईचं नाव भोंग्यातून आमच्या नाल्यावर घुमायचं, आणि ती बिचारी तिकडे घरी भाकरी थापत असायची. मालक लोक आधी लाजायचे, मग सवयीचे झाले. पुढे तर पिकअपमधून उतरल्या उतरल्या कागदावर बायकोचं नाव लिहून आणून द्यायचे, की भाऊ, विसरू नका, नाहीतर मले घरी जेवन नाही.

आणखी एक. त्यांच्या बोलण्यात हरली हा शब्द नव्हता. एक जोडी पहिली आली, दुसरी मागून आली, एवढंच. एकदा नव्या पोरांनी टोकलं, की लोकांना कसं कळणार कोण हरलं? तर म्हणाले, लोकांले डोये नाहीत काय?

या 'मागून आली'ची खरी परीक्षा रिठदच्या सखारामबुवांच्या वेळी झाली. बुवा म्हातारे, जोडी त्यांच्यासारखीच शांत. सुटताना बरी सुटली, पण अर्ध्या पट्ट्यात डाव्या बैलाला काय वाटलं कोण जाणे, तो थांबला. कडेला हिरवी लव्हाळी होती, तिच्यात त्यानं तोंड घातलं. बाजूची जोडी केव्हाच पोचलेली. लोक हसून हसून लोटपोट. कोणी ओरडलं, टोचा त्याले, आर लावा. पण आमच्या पटात टोकदार आर चालत नव्हती. पुढे कोर्टाची बंदी आली, तिच्या कितीतरी आधीपासून बाबारावांनीच ती बंद करवली होती. आर दिसली की ते जोडी पुकारतच नसत, आणि पुकारल्याशिवाय जोडी सुटत नसे.

कमिटीवाल्यांनी हातानं खूण केली, पुढची जोडी सोडा. बाबारावांनी माइक सोडला नाही. म्हणाले, "रिठदची जोडी येऊन राह्यली. नाश्ता चालू हाये. घाई कोनाले हाये त्यानं घरी जावं." मग लोक आणखी हसले, आणि मग हळूहळू हसायचे थांबले. बैलानं सावकाश चघळलं, शेपटी हलवली आणि चालत निघाला. बुवा छकड्यावर मान खाली घालून. जोडी रेषेवर येईपर्यंत सगळा पट उभा होता. बाबारावांनी अगदी गंभीरपणानं सांगितलं, रिठदची जोडी मागून आली. त्यानंतर सखारामबुवा एकही वर्ष चुकले नाहीत. कधी जिंकले नाहीत, पण चुकले नाहीत. आणि उतरायचे आमच्याच घरी.

हे उतरणंच तर आमच्या पटाचा जीव होता. बाहेरून आलेली जोडी मांडवात ठेवायची पद्धत आमच्याकडे नव्हती. एकेका घरानं एकेक जोडी वाटून घ्यायची. माणसांना रोडगे-वरण, बैलांना कुटार आणि गोठ्यात जागा. पिढ्यान्‌पिढ्या कोणती जोडी कोणाकडे हे ठरलेलं. त्यातून सोयरिकी झाल्या, माझ्या नणंदेची तशीच झाली. कमिटीला खर्च तो कितीसा? हार, नारळ, भोंगे आणि बक्षिसाला एखादी पितळेची घागर. बाकी सगळा पट बायकांच्या चुलीवर चालायचा. हे कोणी बोलून दाखवत नसे. बाबाराव मात्र जाणून होते, कारण पटाच्या आठवड्यात सगळ्या घरांची जवारी त्यांच्या दगडाखालून जायची. दळणाचे डबे दारापासून रस्त्यापर्यंत लागायचे. ते रांगेकडे पाहून सांगायचे, यंदा पट भरते, किंवा यंदा जरा पातळ हाये.

मग बंदी आली. कोर्टानं सांगितलं, बैल पळवायचे नाहीत. बाबारावांनी भोंगे पुसून माळ्यावर ठेवले. पण गळ्याचं काय करणार? त्या वर्षांत पटाचा दिवस आला की ते चक्कीवरच पुकारायचे. शांताबाईचा डबा लागला, आता सुटला, जवारी पुढे, गहू मागून. आम्ही बायका पदरात तोंड घालून हसायचो. पण त्यांच्या हसवण्यात काय होतं ते सगळ्यांना कळत होतं.

बंदी उठली तेव्हा गावात गुलाल उधळला. पण पट परत आला तो तसाच आला नाही. आता परवानगी लागते, अनामत भरावी लागते, जनावराचा डॉक्टर लागतो, दवाखान्याची गाडी उभी ठेवावी लागते. हे सगळं बरंच आहे, मी काही त्याच्या विरोधात नाही. मुक्या जीवाचे हाल आम्हीही पाहिले आहेत. पण खर्च वाढला, आणि खर्च वाढला की भांडण येतं.

कमिटीचे अध्यक्ष किसनराव, माझे चुलत दीर. माणूस प्रामाणिक, पण मान लोखंडाची, वाकेल तर मोडेल. नाल्यापलीकडच्या वस्तीतला राजू, जेसीबीचा धंदा करणारा, तो सभेत म्हणाला की जमाना बदलला, बक्षीस मोठं ठेवू, बॅनर लावू, लांबलांबून जोड्या येतील. यात वाईट काही नव्हतं. किसनरावांनी एवढंच विचारलं, "तुही जोडी कोठी हाये? जेसीबीले कासरा लावतं काय?" सगळी सभा हसली. राजू उठून गेला आणि पुढच्या वर्षी नाल्यापलीकडे दुसरा पट उभा राहिला. त्याच दिवशी.

इकडे कुलर ठेवला तर तिकडे फ्रिज. इकडे फ्रिज तर तिकडे मोटरसायकल. तिकडे मोठा मांडव, ताटांची कूपनं, निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो. इकडे किसनराव वर्गणीसाठी त्याच त्या दारांवर. दोन परवानग्या, दोन अनामती, दोन डॉक्टर, दोन गाड्या, आणि जोड्या मात्र तेवढ्याच. अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. पाळणेवाला आला, दोन्हीकडे पाहून गेला, की कुठेच गर्दी नाही. बाबाराव म्हणायचे, "एका तव्यावर दोघीजनी भाकर टाकाले लागल्या. दोघीच्याई जयतीन."

तसंच झालं. मालेगावच्या एका जोडीनं तिकडे मोटरसायकल जिंकली. स्टेजवर त्याच्या हातात पुठ्ठ्याची हातभर लांब चाबी दिली, फोटो काढले. गाडी मागून मिळणार होती. निवडणूक झाली, पुढारी पडला, गाडी काही आली नाही. तो बिचारा पुठ्ठ्याची चाबी पिकअपमध्ये बैलाजवळ ठेवून गाडीचं विचारायला आला. राजूनं तोंड लपवलं नाही, स्वतःच्या जेसीबीच्या कमाईतून त्याला भागवत राहिला, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. आमचे लोक मात्र खूष. किसनरावांनी बाबारावांना सांगितलं, पटात माइकवर सांगा, पुठ्ठ्याच्या चाबीचा पट कोणता ते.

बाबारावांनी माइक हातात घेतला. काय सांगितलं? सांगितलं की नाल्यापलीकडेही आज पट आहे, मालेगावची चांगली जोडी तिकडे पळून राह्यली, ज्याले पाहाची असेल त्यानं पाहून यावं. किसनराव स्टेजवर चढले आणि त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. सगळ्यांच्या समोर. बाबाराव खाली उतरले, चपला घातल्या आणि चक्कीवर आले. त्या दिवशी मी भिंतीला कान लावला होता. चक्की चालू होती, पण माणसाचा आवाज नव्हता.

पुढच्या संक्रांतीला दळणाची रांग उंबऱ्याच्या बाहेरही गेली नाही. कूपनाचं ताट मिळत असताना घरी कोण उतरतो? इकडच्या घरांनीही हात आखडला. बाबाराव त्या आखूड रांगेकडे पाहत उभे होते. मला म्हणाले, "वयनी, पट बक्षिसानं नाही चालत. पाहुन्यानं चालते. पाहुना गेला ना, मंग बंदीची गरज नाही." आवाज तेव्हाच जाड झाला होता. मला वाटलं, सर्दी असेल.

मग त्यांनी जे काही केलं ते गावाला आधी कळलंही नाही. किसनराव आणि राजू दोघांनाही निरोप धाडले, पण एकाला दुसऱ्याचं सांगितलं नाही. भर दुपारी दोघं चक्कीत समोरासमोर आले. मी माझा डबा घेऊन तिथेच होते. बाबारावांनी बटण बंद केलं. दळण अर्धं असताना चक्की थांबलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, लाइन गेली तेव्हाची गोष्ट सोडा. दगड फिरत फिरत थांबला आणि एकदम इतकी शांतता झाली, की आम्हा सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. एक दिवस इकडे, दुसऱ्या दिवशी तिकडे. परवानगी एक, डॉक्टर एक, गाडी एक, मांडव एक, तोच उचलून पलीकडे न्यायचा. जोड्या दोन्ही दिवस पळतील, मधली रात्र घराघरांत उतरतील. दोघांनाही ते पटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण अडलं कुठं, तर पहिला दिवस कोणाचा? किसनराव म्हणाले, जुना पट आमचा, पहिला मान आमचा. राजू म्हणाला, मग मी काय तुमचं उष्टं खायचं?

बाबाराव खोकले. मग आवाज जेवढा उरला होता तेवढ्यात म्हणाले, "चक्कीवर पहिला डबा कोन लावते? इचारा वयनीले."

मला विचारायची गरजच नव्हती. आमच्याकडे पोरीसोरींनाही माहीत असतं. सकाळी दगड कोरा असतो. पहिल्या डब्याचं पीठ दगडात, पेटीत, कापडाच्या नळीत बसतं. पहिल्या बाईचं पीठ भरत नाही, मागून येणारीला भरून मिळतं. म्हणून पहाटे चक्की उघडली की आम्ही बायका एकमेकींना म्हणायचो, तू लाव, तू लाव. पहिला डबा दगडाचा. फारच कुरकुर झाली की बाबाराव स्वतःच्या घरची जवारी आधी टाकायचे.

"पयल्या दिवशी मैदान कोरं राह्यते," ते म्हणाले. "लोक येतात, पाहतात, घरी सांगतात. दुसऱ्या दिवशी गर्दी लोटते. मांगून येनाराले भरून भेटते. मंग मान कशात हाये ते तुमीच पाहा."

दोघंही विचारात पडले. मग राजू म्हणाला, बरं, पहिला दिवस काकांचा. किसनराव म्हणाले, नाही, पहिला दिवस तुझा, तू हौशी आहेस. घ्या. आधी दोघांना पहिलं यायचं होतं, आता दोघांना मागून यायचं होतं. मला हसू आवरेना. बाबाराव हसले नाहीत. दोघं तसेच ताठ मानेनं निघून गेले. बाबारावांनी बटण दाबलं, आणि चक्कीच्या आवाजात पुन्हा काही ऐकू येईना.

गळा सर्दीचा नव्हता. अकोल्याला नेलं, तपासलं, ऑपरेशन केलं. जीव तेवढा राहिला, आवाज गेला. परत आले तेव्हा गळ्याला पांढरी पट्टी आणि बोलायला फक्त हात. चक्की त्यांची सून मंदा चालवायला लागली. बाबाराव दाराशी खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्या बाईकडे पाहून भुवई उडवायचे, तोच रामराम. ज्या भिंतीतून मला आयुष्यभर त्यांचं बोलणं ऐकू आलं, तिच्यातून आता नुसता दगड ऐकू यायचा. गावातले लोक भेटायला यायचे, घडीभर बसायचे, जायचे. किसनराव आले नव्हते.

मग एका सकाळी आले. मंदानं नुकतंच दार उघडलं होतं. मी आणि दोघी-तिघी बायका डबे घेऊन तू लाव, तू लाव करत होतो. किसनरावांच्या घरात पुरुषानं दळण आणल्याचं कोणी ऐकलेलं नाही. त्यांनी डबा खांद्यावर आणला होता, आणि तो धरायचा कसा तेही त्यांना धड येत नव्हतं, सदऱ्यावर जवारीचे दाणे सांडलेले. आम्ही बाजूला सरकलो. त्यांनी डबा सगळ्यांच्या पुढे, अगदी दगडाजवळ नेऊन ठेवला आणि खुर्चीकडे न पाहता म्हणाले,

"पयला डबा आमचा, बाबाराव."

मंदाला काही कळलं नाही. ती म्हणाली, काका, पहिल्याचं पीठ कमी येतं. किसनराव म्हणाले, "मालूम हाये मले."

बाबारावांनी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला, बराच वेळ. किसनराव दळण होईपर्यंत उभे राहिले. पीठ कमी आलं. ते घेऊन गेले. संध्याकाळी राजू त्यांच्या ओट्यावर बसलेला गावानं पाहिला. यंदा पहिला दिवस इकडे, पुढच्या वर्षी पहिला दिवस नाल्यापलीकडे, असं तो कबूल करून गेला.

त्या संक्रांतीनंतर पट दोन दिवसांचा झाला. बक्षिसाला दोन्हीकडे घागर, आणि राजूच्या हट्टाखातर एक कुलर. मोटरसायकल नाही. दळणाची रांग पुन्हा रस्त्यावर गेली. मंदा घामाघूम, आणि बाबाराव खुर्चीवरून डब्यांकडे पाहताहेत, जसा मालक जोडीकडे पाहतो. माझ्याकडे सखारामबुवा उतरले. म्हातारे आणखी वाकले होते, आणि तो डावा बैलही.

माइकवर राजूनं वाशीमचा एक तरुण आणला होता. चांगला बोलायचा, जरा फिल्मी. पहिल्याच दिवशी एका जोडीला त्यानं 'हर' एवढंच म्हटलं आणि थांबला. समोर दोरीच्या कडेला बाबारावांची खुर्ची होती आणि अख्खं मैदान त्या खुर्चीकडे पाहत होतं. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, मागून आली.

दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडे गर्दी लोटली, बाबाराव म्हणाले होते तशीच. ऊन कलल्यावर सगळं आटोपलं. घागरी वाटून झाल्या, भोंगे उतरवले, पिकअप एकेक करून रस्त्याला लागल्या. मी आणि मंदा बाबारावांना घरी न्यायला गेलो. तर ते खुर्चीत नव्हते. पट्ट्याच्या शेवटी, चुन्याच्या रेषेवर उभे होते, सुटायच्या टोकाकडे पाहत. मंदानं हाक मारली, मामंजी, चला, गार वारं सुटलं. त्यांनी न वळता तळहात दाखवला. थांबा.

मी तिकडे पाहिलं. रिकाम्या पट्ट्यावरून सखारामबुवा पायीच आपली जोडी घेऊन येत होते. छकडा नाही, काही नाही. नाल्याकडे जायची वाट तिकडूनच होती आणि त्या रात्रीचाही मुक्काम माझ्याकडेच होता. त्यांना त्या रेषेचं भानही नव्हतं. डावा बैल मध्येच थांबला, कडेच्या गवतात तोंड घातलं, बुवाही थांबले. बाबाराव हात वर धरून उभे. आम्ही दोघी उभ्या. बैलानं सावकाश चघळलं आणि निघाला. बुवांचे आणि जोडीचे पाय रेषेवरून गेले, तेव्हा बाबारावांनी हात खाली घेतला.